डीएनए, भिंतीतलं भोक आणि मागं उभी राहिलेली ताई

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना मध्ये मध्ये आलेलं 'म्हणजे... काय की...' तेवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

सुरुवात भाच्यापासून

दिवाळीत जालन्याला गेलो होतो. तिथून अंबड तालुक्यातल्या गावी, आक्काकडं. भाचा सातवीत आहे. कपाशी वेचणी चालू होती, बांधावर बसलो होतो. तर हा मला म्हणतो, "मामा, बीटी म्हणजे काय, सांगू का?"

म्हटलं सांग.

"कपाशीच्या पेशीत बॅक्टेरियाचा जीन घातलेला असतो. मग ते झाड स्वतःच अळीचं औषध बनवतं."

मी गारच पडलो. मी बीटेक. पण सातवीत असताना बीटी म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचं एक नाव, एवढंच मला माहीत होतं. विचारलं, कुणी शिकवलं रे? "कुणीच नाही. मोबाइलवर पाहिलं." आक्का मागून म्हणाली, "दिवसभर मोबाइलमधीच राहायलं बघ हे."

मग मी पुढचा प्रश्न विचारला. जीन कुठं असतो? "डीएनएमध्ये." बरं, डीएनए म्हणजे काय? त्याची कॉपी कशी होते? इथं गाडी थांबली. म्हणाला, "ते माहीत नाही मामा. तिथून पुढं सगळं इंग्लिश सुरू होतं."

आता यात माझा जीव अडकायचं कारण सांगतो. आम्ही पंधरा मित्रांनी मिळून गावच्या शाळेतल्या मुलांसाठी पैसे जमवलेत. १ लाख २० हजार रुपये. हिशेब माझ्याकडं आहे. ठरलं होतं असं, की १२ हजाराचा एक, असे १० टॅब्लेट घ्यायचे. पण माझी बोटं एकदा पोळलीत. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शाळेला ६ जुने संगणक दिले होते. वर्षभरानं गेलो, तर ते कुलूपबंद खोलीत, वर चादर टाकून ठेवलेले. चोरीला गेले तर जबाबदारी कुणाची, या भीतीनं. सरांची चूक होती असं मी म्हणणार नाही. आम्ही फोटो काढून निघून गेलो होतो, चूक ती होती.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी वाचायचं. आणि वाचता वाचता एका संशोधकापाशी येऊन थांबलो. त्याचा एक पेपर बरोबर माझ्या भाच्याच्या प्रश्नावरच आहे. खेड्यातली मुलं, इंग्रजी मजकूर, शिक्षक नाही आणि विषय काय, तर पेशीतला डीएनए.

हा माणूस कोण?

सुगत मित्रा. जन्म १९५२, कोलकात्याचे. 'होल इन द वॉल'वाले म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. पण त्यांच्या संशोधनाची यादी वरून खाली वाचली तर वाटतं, हे चार वेगवेगळ्या माणसांचं काम आहे.

सुरुवात भौतिकशास्त्रापासून. आयआयटी दिल्लीतून घनस्थिती भौतिकीत पीएचडी, विषय सेंद्रिय अर्धवाहक. म्हणजे कार्बनी रेणूंमधून वीज कशी वाहते. मग बॅटऱ्यांवर काम. मग सजीवांच्या शरीरातल्या विजेकडं लक्ष गेलं. १९९४ मध्ये त्यांनी संगणकावर मज्जापेशींच्या जाळ्याची नक्कल केली आणि पेशींमधले जोड एकेक करून तोडत गेलं तर त्या जाळ्याच्या आठवणीचं काय होतं, ते पाहिलं. अल्झायमर समजून घेण्याच्या दिशेनं केलेलं हे काम. आणि त्यानंतर पाचच वर्षांत हा माणूस झोपडपट्टीतल्या पोरांसमोर संगणक ठेवून बसलेला दिसतो.

वरून हे तुटक वाटतं. पण मला त्यात एक धागा दिसतो. सुटे सुटे घटक आहेत, कुणी मुकादम नाही, तरी त्यांच्यातल्या जोडण्यांमधून आपोआप काही शिस्त तयार होते का? रेणूंत होते का, मज्जापेशींत होते का, आणि मुलांच्या घोळक्यात होते का? मुलांवरच्या पेपरांमध्ये ते 'स्वयंसंघटित' हा शब्द वारंवार वापरतात. तो शब्द मुळात भौतिकशास्त्रातून आणि जीवशास्त्रातून आलाय.

भिंतीतलं भोक

२६ जानेवारी १९९९. दिल्लीतलं कालकाजी. मित्रा तेव्हा एनआयआयटीत होते. कंपनीच्या आवाराची भिंत, पलीकडं झोपडपट्टी. त्या भिंतीला भोक पाडून त्यांनी त्यात संगणक बसवला, इंटरनेटसकट. शिकवणारं कुणी नाही, पाटी नाही, सूचना नाही. काही दिवसांत पोरं तो चालवायला लागली, आणि एकमेकांना शिकवायलाही लागली.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट भाषेची आहे. पोरांना कर्सर हा शब्द माहीत नव्हता, तर त्यांनी त्याला 'सुई' म्हटलं. संगणक थांबला की वाळूचं घड्याळ दिसायचं, त्याला 'डमरू'. काय चपखल शब्द आहेत! आम्ही इंजिनियर लोकांनी समिती नेमली असती तरी एवढं साधं नाव सुचलं नसतं.

या पद्धतीला मित्रांनी नाव दिलं 'मिनिमली इन्व्हेजिव्ह एज्युकेशन'. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कसं, कमीत कमी चिरफाड करतात, तसं शिक्षणात कमीत कमी ढवळाढवळ.

पुढं हा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातही आला. सिंधुदुर्गातल्या गावांमध्ये असे कियॉस्क बसवले गेले. त्यावर परिमला इनामदार यांनी २००४ मध्ये पेपर लिहिला, की तिथली मुलं संगणक वापरण्याची कौशल्यं कशी कमावतात. मग २००७ मध्ये इनामदार आणि कुलकर्णी यांचा दुसरा पेपर आला. त्यात मुलांच्या शाळेतल्या गुणांशी तुलना आहे, आणि फायदा दिसला तो गणितात.

म्हणजे इथवर हिशेब असा: मुलं स्वतःहून संगणक चालवायला शिकतात. याबद्दल फारसा वाद उरत नाही. पण संगणक चालवता येणं वेगळं आणि संगणकावरून अवघड विषय शिकणं वेगळं. माझा भाचा अडकला तो दुसऱ्या ठिकाणी.

आता थोडं पेशीबद्दल

प्रयोगाकडं जायच्या आधी विषय किती अवघड आहे ते बघू. आणि त्यासाठी जालन्यासारखी जागा नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोची सुरुवात केली ती जालन्यातच. देशात २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, त्यातही महिको होतीच. त्यामुळं 'बीटी' हा शब्द आमच्याकडं चहाच्या टपरीवरही चालतो.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत सापडणारा एक जीवाणू. तो एक प्रथिन बनवतो, ते बोंडअळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्याला भोकं पडतात. हे प्रथिन कसं बनवायचं याची कृती त्याच्या डीएनएत लिहिलेली असते. त्या कृतीचा तेवढाच तुकडा, म्हणजे जीन, उचलून कपाशीच्या पेशीत बसवला. झालं बीटी. (गुलाबी बोंडअळीनं पुढं त्यालाही दाद दिली नाही, पण तो वेगळ्या भागाचा विषय.)

आता भाच्याचा प्रश्न. जीन बसवला एका पेशीत, मग तो अख्ख्या झाडात कसा पोचला? पेशी दुभंगताना डीएनएची कॉपी होते म्हणून. डीएनए म्हणजे पिळलेल्या शिडीसारखा रेणू. शिडीच्या पायऱ्या चार अक्षरांच्या जोड्यांनी बनतात. ए समोर कायम टी, आणि सी समोर कायम जी. कॉपी करायची वेळ आली की चेन उघडावी तशी शिडी मधून उघडते. आता दोन अर्ध्या शिड्या झाल्या. प्रत्येक अर्धीवर समोरचं अक्षर आपोआप ठरलेलंच आहे, ते आणून बसवायचं. एकाच्या दोन शिड्या तयार.

माणसाच्या पेशीत अशा सुमारे ३ अब्ज जोड्यांचा एक संच असतो. आणि आई-वडिलांकडून एकेक, असे दोन संच. एवढं उतरवताना चुका होणारच. म्हणून जो विकर अक्षरं बसवतो तोच मागं वळून तपासतोही, चुकलं असेल तर खोडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल कॉपी करतानाच पडताळणी चालू. तरी एखादी चूक निसटते. ती महत्त्वाच्या जागी असली तर आजार होऊ शकतो.

मी हे मराठीत, कपाशीचं उदाहरण घेऊन सांगितलं तर पाच मिनिटं लागली. हेच दहा वर्षांच्या मुलाला इंग्रजीत, एकट्यानं वाचायचं असेल तर?

कळिकुप्पम

नेमकं हेच मित्रांनी करून पाहिलं. दक्षिणेतलं कळिकुप्पम नावाचं गाव. मुलं १० ते १४ वयाची, तमिळ बोलणारी. रस्त्यावरच्या संगणकात जैवतंत्रज्ञानाचा मजकूर, सगळा इंग्रजीत. मित्रांचं सांगणं असं, की हा प्रयोग फसावा म्हणूनच त्यांनी आखला होता. शिक्षकाशिवाय कुठवर जाता येतं त्याची हद्द सापडावी म्हणून. पेपरच्या नावातच 'मर्यादा' हा शब्द आहे. तो त्यांनी आणि रितू डांगवाल यांनी मिळून लिहिला, २०१० मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत आला.

सुरुवातीला मुलांना या विषयाचे गुण शून्याच्या आसपास. दोनेक महिने मुलं आपापली संगणकाशी झटली. पुन्हा चाचणी घेतली, तर सुमारे ३० टक्के. हे जवळच्या सरकारी शाळेत हाच विषय शिकवलेल्या मुलांच्या तोडीचं होतं.

इथवरची गोष्ट ऐकून लोक टाळ्या वाजवतात आणि उठतात. मीही आधी तेवढीच ऐकली होती. पण पेपर पुढं चालू राहतो.

३० टक्के म्हणजे नापासच. आता वाढवायचं कसं? विषयाचा शिक्षक तिथं मिळणं शक्य नाही. मग मित्रांनी गावातल्या मुलांशी ओळख असलेल्या २२ वर्षांच्या एका मुलीला गाठलं. ती हिशेबनीस होती, पोरांशी खेळायची. तिला जीवशास्त्र अजिबात येत नव्हतं. तिला सांगितलं, शिकवू नकोस. आजी करते तसं कर. मागं उभी राहा आणि म्हण, "अरे वा! हे कसं जमलं तुला? मला पण दाखव की."

आणखी दोनेक महिन्यांनी गुण सुमारे ५० टक्क्यांवर. म्हणजे दिल्लीतल्या एका चांगल्या खासगी शाळेतल्या, इंग्रजी येणाऱ्या आणि पात्र शिक्षकांकडून हा विषय शिकलेल्या मुलांच्या बरोबरीला.

आता तुम्हीच सांगा, हा पेपर कशाबद्दल आहे? संगणकाबद्दल, की त्या ताईबद्दल?

इंजिनियरच्या शंका

मी यावर उड्या मारत नाही, कारण प्रयोगाच्या रचनेत फटी आहेत. आम्ही कामावर दोन बदल एकाच वेळी सोडले आणि आकडे सुधारले, तर श्रेय कुठल्या बदलाला द्यायचं ते कळत नाही. इथं ताई आली तोपर्यंत मुलांना संगणकाची सवय झालेली होती, आणि वेळही जास्त मिळाला. नुसती ताई आणि हातात पुस्तक, असा गट केला असता तर किती गुण पडले असते? त्याचं उत्तर या रचनेतून निघत नाही. शिवाय हे एका गावातल्या मूठभर मुलांचं काम आहे.

दुसऱ्यांनी जाऊन पाहिलं तेव्हा काय दिसलं, तेही महत्त्वाचं आहे. मार्क वॉर्शॉअर यांनी दिल्लीतल्या अशा कियॉस्कबद्दल २००३ मध्ये लिहिलं. इंटरनेट बहुतेक वेळा बंद, हिंदीत मजकूर नाही, मुलं बरीचशी चित्रं काढण्यात आणि खेळण्यात. आणि गंमत बघा. २०१० मध्येच, त्याच नियतकालिकात, पायल अरोरा यांचा पेपर आहे. त्या उत्तराखंडात अल्मोडा आणि हवालबागला गेल्या. तिथले कियॉस्क ओस पडलेले होते. नावातच त्यांनी चिमटा काढलाय, 'होल'च्या जागी 'होप'. भिंतीतली आशा.

अरोरांचा पेपर वाचताना मला आमचे ६ संगणक दिसत होते. कुलूप आणि चादरीसकट.

मित्रांचं पुढचं कामही माणसाकडंच वळलं, हे लक्षात घ्या. इंग्लंडातल्या निवृत्त शिक्षकांना आणि इतर स्वयंसेवकांना स्काइपवर आणून मुलांशी गप्पा मारायला लावणं, ज्याला 'ग्रॅनी क्लाउड' म्हणतात, ते याच ताईचं मोठं रूप. २०१३ मध्ये त्यांना टेडचं १० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. त्यातून सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पाच भारतात, दोन इंग्लंडात. भारतातली एक साताऱ्यातल्या फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत. जिथं मुलांच्या मागं उभी राहणारी माणसं आधीपासूनच होती, तिथं.

आणि जोडीला हेही ठेवा: २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ, तेही १० लाख डॉलरचंच, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणल्याबद्दल आपण त्यांना ओळखतो. तंत्रज्ञान तिथंही होतंच. पण तो कोड कुठल्या पानावर, कुणासाठी लावायचा हे ठरवणारा वर्गातला माणूस होता.

पेशीचंही तसंच आहे. डीएनए स्वतःची कॉपी स्वतः करतो असं आपण म्हणतो. पण नुसता डीएनए परीक्षानळीत पाण्यात ठेवला तर काही होत नाही. चेन उघडणारे, अक्षर आणून देणारे, चूक खोडणारे विकर भोवती लागतात. तेव्हा ते 'आपोआप' होतं.

मग १ लाख २० हजाराचं काय?

गेल्या रविवारी मित्रांसमोर दुसरा हिशेब मांडला. टॅब्लेट १० नाही, ४ घ्यायचे. ४८ हजार. उरले ७२ हजार. गावातलीच एखादी शिकलेली मुलगी बघायची, रोज संध्याकाळी दोन तास मुलांजवळ बसायला. महिना ६ हजार मानधन, १२ महिने. पैसे बरोबर पुरतात. टॅब्लेट शाळेच्या कपाटात राहणार नाहीत, तिच्या ताब्यात राहतील. फुटला तर फुटला, हे आधीच लिहून द्यायचं. पोरं चार-चारच्या घोळक्यात एका टॅब्लेटवर बसतील, आणि सगळे प्रयोग बघता घोळक्यात बसणं हा तोटा नाही.

विरोध झाला. एक मित्र म्हणाला, "टॅब्लेट दिसतात रे. देणगीदारांना फोटो पाठवता येतो. मानधनाचा काय फोटो काढणार?" त्याचं चूक नाही. पंधरा जणांना उत्तर द्यायचं आहे. दुसरा म्हणाला, "मुलगी सोडून गेली तर?" हाही प्रश्न खराच. शेवटी नऊ विरुद्ध सहा मतांनी माझा हिशेब मंजूर झाला, अट अशी की चार महिन्यांनी आकडे दाखवायचे.

म्हणून कळिकुप्पमला राहून गेलेली फट आम्ही आमच्यापुरती बुजवणार आहोत. मुलांचे दोन गट. पहिले दोन महिने एका गटाला ताई आणि छापील मराठी पानं, दुसऱ्याला ताई आणि टॅब्लेट. मग अदलाबदल. विषय पेशी आणि डीएनए. चाचणी आधी, मध्ये आणि शेवटी, दर वेळी वेगळे प्रश्न. एका गावच्या वीस-पंचवीस पोरांवरून मी जगाला काही सिद्ध करून देणार नाही. पण पुढच्या वर्षीचे पैसे कशावर घालायचे, एवढं तरी कळेल.

भाच्याला फोनवर हे सांगितलं. म्हणाला, "मामा, ताईला डीएनए येतो का?" म्हटलं, नाही येत. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मग तिला मीच सांगावं लागंल."

आकडे आले की त्यावर भाग करीन, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. तुमच्या गावच्या शाळेत असे संगणक किंवा टॅब्लेट आले असतील, तर ते आज कुठं आहेत, चालू की चादरीखाली, तेवढं जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.